भाऊ गेल्यावर नवा जॅझ बँड उभा करायचाय, त्याच्यासारखा ड्रमर कुठं शोधू?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ट्रंपेट वाजवता, सोलापुरात तुमचा चार जणांचा जॅझ बँड होता, ट्रंपेट, कीबोर्ड, बेस गिटार आणि ड्रम्स, आणि ड्रम्सवर तुमचा सख्खा धाकटा भाऊ होता. मागच्या दिवाळीच्या आधी तो आजारपणात गेला आणि तेव्हापासून सगळं बंद आहे. बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, कीबोर्डवाला फोन उचलतो पण वाजवायचा विषय निघाला की गप्प होतो. आता तुम्हाला नवा ग्रुप जमवायचाय आणि तुम्ही विचारलंय की इतक्यात सुरू केलं तर बरं दिसेल का, त्याच्यासारखा हात असलेला ड्रमर कुठं मिळेल, बँडला त्याचं नाव द्यावं का, आणि सोलापुरात जॅझ ऐकणार तरी कोण.

मी सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवतो. लग्नाच्या ब्रास बँडमध्ये शिकलो, मग ऑर्केस्ट्रा केला, आणि गेली बरीच वर्षं इथंच छोटे ग्रुप बांधून जॅझ वाजवतोय. माणसं जमवणं, माणसं जाणं, परत जमवणं हे सगळं केलंय, त्यामुळं जे सांगतोय ते त्यातूनच आलेलं आहे. तुमच्या घरची माणसं आणि तुमचा स्वभाव मला माहीत नाही, म्हणून काही ठिकाणी मी "हे तुमच्यावर आहे" असंच म्हणणार, ते टाळाटाळ म्हणून घेऊ नका.

सुरुवात तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून करतो कारण खरी गाठ तिथं आहे. त्याच्यासारखा ड्रमर शोधू नका. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, वाजवण्याच्या हिशेबानंच म्हणतोय. तुम्ही दोघं लहानपणापासून एका घरात वाजवत आलात. तुम्ही श्वास कुठं घेणार, ओळ कुठं संपवणार, कुठं अर्धी सोडणार हे त्याला आधीच कळायचं आणि तो तिथं बरोबर भरायचा, स्नेअर ड्रमवर दोन ठोके, नाहीतर नुसती हायहॅट, म्हणजे पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी, उघडी. त्यानं भरलं म्हणून तुम्ही ती जागा सोडायला लागलात, आणि तुम्ही सोडली म्हणून तो भरायला लागला. म्हणजे आज तुमच्या ट्रंपेटमध्येच त्याच्या मापाच्या मोकळ्या जागा आहेत. तुम्ही लिहिलंय की दोन ड्रमर बोलावून बघितले, दोघंही चांगले होते पण "काहीतरी चुकतंय" असं वाटत राहिलं. चुकणारच ना, तुम्ही त्याच जागा सोडत होता आणि ते बिचारे आपापल्या ठिकाणी वाजवत होते. तिसरा बोलवा, पाचवा बोलवा, तेच होणार, आणि दर वेळी एका चांगल्या वादकाला न सांगता नापास केल्यासारखं होणार.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की निदान सुरुवातीला नव्या बँडमध्ये ड्रम्स ठेवूच नका. बँडचा आकारच बदला, म्हणजे तुम्हाला वेगळं वाजवणं भाग पडेल.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, जॅझमध्ये मोठमोठ्या माणसांवर ही वेळ आलेली आहे. २६ जून १९५६ ला मॅक्स रोचच्या बँडमधला ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवाला रिची पॉवेल एकाच मोटार अपघातात गेले, रिचीची बायकोही त्यात गेली. ब्राउन २५ वर्षांचा होता. रिची म्हणजे पियानिस्ट बड पॉवेलचा धाकटा भाऊ. रोच स्वतः ड्रमर आणि त्या बँडचा जोडप्रमुख. त्यानं सुरुवातीला जागा भरल्या, ट्रंपेटवर केनी डॉरहॅम आला, पियानोवर दुसरी माणसं आली, सॅक्सोफोनला सनी रोलिन्स होताच, आणि बँड चांगलाच वाजत होता. पण पुढं १९५८ मध्ये त्यानं जो पंचक बांधला त्यात पियानो नव्हताच, त्याऐवजी ट्यूबा, म्हणजे अगदी खालच्या सुराचं मोठं पितळी फुंकवाद्य होतं, रे ड्रेपर नावाच्या पोराच्या हातात. ट्रंपेटवर बुकर लिटल, तोही विशीतलाच. पियानो काढला की सुरांचा मधला सगळा पडदा जातो आणि फुंकवाद्यांना एकमेकांचं नीट ऐकावं लागतं. ते वाजवणं ऐका, जुन्या बँडची आठवण काढायला तिथं जागाच मिळत नाही, इतकं ते वेगळ्या अंगाचं आहे.

दुसरं उदाहरण पियानोवाल्या बिल इव्हान्सचं. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्याच्या त्रिकुटाचं रेकॉर्डिंग झालं आणि ६ जुलैला बेसवाला स्कॉट लाफारो अपघातात गेला, तोही २५ वर्षांचाच. इव्हान्सनं पुढं कित्येक महिने जवळपास वाजवलंच नाही. मग चक इझरायल्स बेसला आला, आणि त्याचं वाजवणं लाफारोपेक्षा वेगळं होतं, लाफारो पियानोशी बरोबरीनं बोलायचा, इझरायल्स जास्त खालून आधार द्यायचा. इव्हान्सनं वाद्यं तीच ठेवली पण त्रिकुटाचं बोलणं बदललं. म्हणजे दोन्ही रस्ते आहेत. पण तुमचा माणूस रक्ताचा होता आणि रिदमचा कणा होता, म्हणून तुम्हाला मी रोचचा रस्ता सुचवतोय.

आता माझ्याकडचं सांगतो. माझी बायको आमच्या ऑर्केस्ट्राची मुख्य गायिका होती. तिची पट्टी काळी पाच, म्हणून आमची निम्म्याहून जास्त गाणी काळी पाचमध्येच बसवलेली. ट्रंपेटला ती पट्टी म्हणजे त्याचा सी, माझ्या आल्टो सॅक्सोफोनला जी, बोटांना अगदी सोपं, त्यामुळं कुणी कधी बदलायचा विचारही केला नव्हता. ती गेल्यावर लोकांनी दुसऱ्या गायिका सुचवल्या, त्यातल्या दोघी खरोखर तयारीच्या होत्या. मी गायिका घेतलीच नाही. तिच्या ओळी सॅक्सोफोन आणि युफोनियमला (लहान ट्यूबासारखं पितळी फुंकवाद्य) वाटून दिल्या आणि पहिल्याच तालमीत सगळी गाणी पांढरी चारवर नेली. आल्टोला डी झाला, ट्रंपेटला जी झाला. आता हे कागदावर साधं पट्टी बदलणं आहे, पण पंधरा-वीस वर्षं ज्या सुरावर बोट आपोआप पडत होतं तिथं आता विचार करून टाकावं लागत होतं, आणि त्या विचार करण्यातच आम्ही सगळे तालमीला हजर राहिलो. जुन्या पट्टीत वाजवलं असतं तर प्रत्येक कडव्याला सगळ्यांनी माइककडं बघितलं असतं. पुढं काही वर्षांनी ग्रुपमध्ये एक मुलगी गायला आली, ती स्वतःची गाणी आणि स्वतःची पट्टी घेऊनच आली आणि तिला कुणी कुणाशी ताडून बघितलं नाही.

तर तुमच्यासाठी प्रत्यक्ष काय करायचं ते.

ट्रंपेट, गिटार, बेस. एवढ्यावर सुरू करा. जमलं तर चौथं क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन. ड्रमशिवाय स्विंग, म्हणजे जॅझची ती डुलती लय, होत नाही असं वाटत असेल तर नॅट किंग कोलचं त्रिकूट ऐका, पियानो, गिटार आणि बेस, ड्रम्स नाहीत, आणि पाय थांबत नाही. ऑस्कर पीटरसनचंही हर्ब एलिस आणि रे ब्राउन बरोबरचं त्रिकूट तसंच. काउंट बेसीकडं फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला आणि पुढं सगळं आयुष्य चार मात्रांना चार झटके एवढंच धरून बसला, त्याच्या गिटारवर अख्खा मोठा बँड चालायचा. तुमच्या गिटारवाल्याला तेच द्या, चारही मात्रांवर आखूड तोडलेला कॉर्ड, दुसऱ्या आणि चौथ्याला जरा वजन. बेसला चालता बेस, म्हणजे प्रत्येक मात्रेला एक सूर. ड्रमर नसला की ताल ही कुणा एकाची जबाबदारी राहत नाही, आणि तुम्हाला ट्रंपेटवाला म्हणून पहिल्यांदा स्वतःच्या ओळीत ताल धरून ठेवावा लागेल. ज्या जागा तुम्ही सवयीनं सोडत होता तिथं आता कुणी येणार नाही, मग तुम्ही एकतर ओळ लांबवाल नाहीतर ती शांतता तशीच राहू द्याल. दोन्ही करून बघा. सुरुवातीला त्रास होईल, ते मी लपवत नाही.

बेसवाला मिळत नसेल तर आपल्याकडच्या ब्रास बँडमधला युफोनियमवाला पकडा. हे मी अगदी मनापासून सांगतोय. पूर्व भागात, विजापूर वेशीकडं, बाळे भागात विचारा, लग्नाच्या बँडमध्ये जी माणसं युफोनियम आणि मोठा बास वाजवतात त्यांची फुंक इतकी दमदार असते की दोन-तीन महिन्यात चालता बेस काढतात. त्यांना नोटेशन वाचता येत नाही म्हणून नाक मुरडू नका, ऐकून उचलायची त्यांची ताकद आपल्यापेक्षा जास्त असते. बारा बारचा ब्लूज, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा तुकडे, त्यांना एकदा तोंडानं म्हणून दाखवा आणि तीनच कॉर्डचे मूळ सूर सांगा, मग रस्ता ते काढतात. रोचच्या बँडात ट्यूबा होता हे त्यांना सांगा, खुश होतात.

माणसं कधी शोधायची यालाही आपल्याकडं हंगाम आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, ती ज्येष्ठापर्यंत, त्यात बँडवाला आणि ऑर्केस्ट्रावाला कुणालाच वेळ नसतो आणि असला तरी जीव नसतो. आषाढ लागला की माणसं मोकळी होतात, गणपतीपर्यंत. तेव्हा धरा. शिवाय मे महिन्यात आपल्याकडं चाळीसच्या वर पारा असताना पत्र्याच्या खोलीत फुंकवाद्य आणि कीबोर्ड एकत्र जुळवायला जाणं म्हणजे डोकेदुखी आहे, हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, ट्रंपेट चढतो आणि कीबोर्ड जागचा हलत नाही. स्लाइड बाहेर ओढून ओढून माणूस दमतो आणि नव्या लोकांना वाटतं आपलाच सूर वाईट आहे.

तालमीला जागा म्हणाल तर ओळखीत कुणाचं टॉवेलचं गोदाम असेल तर बघा. टेरी टॉवेलच्या गठ्ठ्यांमध्ये आवाज पार जिरतो, शेजारी तक्रार करत नाहीत आणि बाजूला माग चालू असतील तर प्रश्नच मिटला. एकच सांभाळा, अशा खोलीत स्वतःचा आवाज परत येत नाही म्हणून फुंकवाद्यवाले उगाच जोर लावतात आणि तासाभरात ओठ जातात. म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून वाजवा, जवळ जवळ गोलात बसा, आणि सगळ्यात हळू वाजवणाऱ्याच्या आवाजाला बाकीच्यांनी खाली या. नव्या माणसांनी एकमेकांना ऐकायला शिकण्यासाठी मेलेली खोली फार चांगली.

आता ड्रमर. येईल, पण तुमचं वाजवणं बदलल्यावर. सात-आठ महिन्यांनी म्हणा, वर्षानं म्हणा, ते तुमचं तुम्हाला कळेल, खूण अशी की तालमीत तुम्ही ड्रम्सची उणीव काढायचं थांबला असाल आणि "इथं झांजेचा आवाज छान वाटेल" असं एखाद्या नव्या गाण्याबद्दल मनात येईल. तेव्हा शोधा. त्यानं स्वतःचा किट आणायचा, स्वतःच्या उंचीला स्टूल लावायचं. भावाचा किट त्याला देऊ नका, आणि जुनी रेकॉर्डिंग ऐकवून "असं पाहिजे" तर मुळीच म्हणू नका.

आपल्याकडचे बहुतेक ड्रमर ऑर्केस्ट्रातून येतात, हात केरव्यात आणि ऑक्टोपॅडवर घडलेला असतो, त्यांना स्विंग सांगताना लोक "जरा लंगडं वाजव" म्हणतात आणि मग ते खरंच लंगडं होतं. त्यापेक्षा तिश्र जातीनं सांगा. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला वाजवायचा, दुसरा गिळायचा, तिसरा वाजवायचा, राइड झांजेवर. तबला शिकलेल्याला हे एका बैठकीत कळतं, आणि मिरवणुकीच्या हलगीवर कान वाढलेल्या पोराला तर आधीच अंगात असतं, त्याला फक्त नाव माहीत नसतं. मग हायहॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पायानं. लय वाढेल तसे ते तीन भाग सपाट होत जातात, हेही सांगा, नाहीतर जलद गाण्यात पण दादऱ्यासारखं उड्या मारत बसतात.

निवड करताना जलद गाणं लावून हाताची तयारी बघत बसू नका. ब्लूज लावा, मिनिटाला साठच्या आसपास, इतका हळू की लाज वाटावी. हळू लयीत जो भरायला धावत नाही, जो तुमच्या ओळीच्या शेवटाची वाट बघतो, तो तुमचा माणूस. मग चार-चार बारची देवाणघेवाण करा, चार तुम्ही, चार तो, आणि बघा तो तुमच्या शेवटच्या तुकड्यातून काही उचलतो का आपलं पाठ केलेलं ओततो. एवढं पुरे होतं, अर्ध्या तासात कळतं.

भावाच्या किटचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तुम्ही लिहिलंय की किट हॉलमध्ये चादर टाकून ठेवलाय आणि आई त्याला हात लावू देत नाही. लावू नका. विकायचा का ठेवायचा हे आईवर सोडा आणि तिला विचारायचीही घाई करू नका. फक्त कातड्यांचा ताण थोडा सैल करून ठेवायला हवा, तेही तिला सांगून, तिच्या समोर. जुन्या चार्टचं, म्हणजे वाजवायच्या कागदांचं, मात्र तुमच्या हातात आहे. त्याच्या अक्षरात "दादा इथं थांब" आणि बाण काढलेले कागद नव्या तालमीत स्टँडवर लावू नका. ते घरी फायलीत ठेवा. नव्या लोकांसाठी नवे कागद लिहा, स्वतःच्या हातानं, त्यांच्या नावानं. "ट्रंपेट, गिटार, बेस" असं न लिहिता त्या त्या माणसाचं नाव वर लिहा. ड्यूक एलिंग्टन आयुष्यभर तसंच करायचा, कोण वाजवणार आहे ते बघून लिहायचा, वाद्य बघून नाही. नव्या माणसाला आपल्या नावाचा कागद मिळाला की तो पाहुणा राहत नाही.

आणि भावाचं काही ठेवायचं असेल तर असं ठेवा. रेकॉर्डिंगमधून त्याचा एखादा भरणा, म्हणजे मोकळ्या जागेत तो भरायचा तो ठोक्यांचा तुकडा, निवडा, जो तो नेहमी वाजवायचा, दोन बारचा असेल, आणि नुसते ठोके कागदावर उतरवा. मग त्या ठोक्यांवर सूर बसवा आणि त्याची चाल करा. तुम्ही आणि क्लॅरिनेटवाला मिळून ती वाजवा, गिटारवाल्यालाही द्या. त्याचं वाजवणं मग कुणा एका खुर्चीवर अडकून राहणार नाही, तीन-चार जणांच्या हातात जाईल, आणि कुणाला त्याच्यासारखं वाजवावंही लागणार नाही. जुन्या यादीतलं एकच गाणं नव्या बँडमध्ये आणा, एकच, तेही पट्टी आणि लय बदलून. बाकी सगळं नवं.

नावाबद्दल. हे बरंच तुमच्यावर आणि घरच्यांवर आहे, पण माझं मत विचाराल तर बँडला त्याचं नाव आत्ता देऊ नका. निवेदक प्रत्येक कार्यक्रमात माइकवर ती हकिकत सांगणार, लोक हळहळणार, आणि तुमच्या शेजारी उभी असलेली तीन माणसं दर वेळी कुणाच्या तरी जागी आलेली ठरणार. तुम्हालाही त्या संध्याकाळी ते ऐकायची ताकद असेलच असं नाही. त्यापेक्षा एक कार्यक्रम त्याच्यासाठी करा, वर्षश्राद्धाच्या आसपास, नातेवाईक आणि मित्र बोलवून, आणि बँड त्याहून मोठा राहू द्या. अमेरिकेतला ट्रंपेटवाला डेव्ह डग्लस याच्या आईनं जाण्याआधी त्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या प्रार्थनासभेत ही ही चर्चची गाणी वाजव. त्यातून त्यानं नवा पंचक जमवला, गायला एक गायिका घेतली आणि २०१२ मध्ये त्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. पण पुढच्या वर्षी त्याच पाच जणांनी गायिकेशिवाय, सगळी नवी रचना घेऊन दुसरी रेकॉर्ड केली. म्हणजे बँड दुःखातून निघाला खरा, पण तिथंच बसून राहिला नाही. ॲलिस कोल्ट्रेनचंही बघा, तिचा नवरा, सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ ला गेला, त्याच्याच बँडची माणसं बरोबर घेऊन तिनं १९६८ मध्ये स्वतःच्या नावानं रेकॉर्डिंग केलं, पण पियानोबरोबर हार्प हातात घेतली. सॅक्सोफोनच्या नकलेत ती गेली नाही.

"इतक्यात सुरू केलं तर बरं दिसेल का" याचं एकच उत्तर नाही. आपल्याकडं काही घरांत वर्षभर सण करत नाहीत, काही घरांत तेरावा झाला की माणूस कामाला लागतो, आणि बँडवाल्यांच्या घरात तर लग्नाची सुपारी घेतलेली असली तर रडत रडत का होईना वाजवायला जावंच लागतं, पोट आहे. तुमचं पोट यावर नाही असं दिसतंय, म्हणून तुम्हाला निवडता येतं. मी फरक असा करतो, तालीम वेगळी आणि कार्यक्रम वेगळा. तालीम आजही सुरू करता येईल, त्यात कुणाला वाईट दिसायचं कारण नाही. कार्यक्रम, त्यातही लग्नातला, वर्ष होईपर्यंत टाळा, कारण तिथं तुम्हाला हसतमुख उभं राहावं लागतं आणि कुणीतरी ओळखीचं हमखास भेटतं. आणि आईला इतरांकडून कळायच्या आत तुम्ही सांगा. बसून, चहा घेताना, सरळ, की मी परत वाजवायला जातोय, ड्रम्स नाहीयेत, गिटार आणि बेस आहे. ड्रम्स नाहीत हे ऐकून तिला काय वाटतं ते बघा. माझा अंदाज आहे की तिला तेवढ्यानंच बरं वाटेल, कारण तिलाही भीती असेल की तिच्या पोराच्या जागी कुणीतरी बसलंय. पण अंदाजच आहे, आई तुमची आहे.

जुन्या दोघांना पण आधी विचारा, नवी माणसं घ्यायच्या आधी. पुण्याच्या बेसवाल्याला फोन करा, त्याला येणं जमणार नाही तरी विचारलं याला मोल आहे. कीबोर्डवाल्याला मात्र फोन नको, घरी जा. तो गप्प होतो याचा अर्थ त्याला नकोय असा काढू नका, त्याचाही मित्रच गेलाय आणि तुमच्यापुढं रडायचं कसं हे त्याला कळत नसेल. त्याला सांगा की नवा ग्रुप कीबोर्डशिवायही होतोय, तू यायचा तेव्हा ये, नाही आलास तरी मैत्री तशीच. दार उघडं आहे आणि ओझं नाही, हे दोन्ही त्याला दिसू द्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर आत्ता तालीम, ड्रम्सशिवाय, नवे कागद, नव्या पट्ट्या, जुन्यांना विचारून, आईला सांगून, कार्यक्रम वर्षानंतर.

राहिला सोलापूरचा ऐकणारा. याची काळजी सगळ्यात कमी करा. या गावाचा कान मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू सगळं ऐकून तयार झालेला आहे, भजन आहे, कव्वाली आहे, बँजो आहे, हलगी आहे, आणि ट्रंपेट तर प्रत्येकाच्या लग्नात वाजलेला आहे. लोकांना जॅझ हा शब्द परका वाटतो, आवाज परका नाही. मुंबईत १९३५ मध्येच ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा बँड वाजत होता, गोव्याची वादक मंडळी तिथं वाजवून दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला जायची, आपल्या सी. रामचंद्रांकडं चिक चॉकलेट ट्रंपेटला होता. ते स्विंग सोलापूरच्या ऑर्केस्ट्रांनी कित्येक वर्षं वाजवलंय आणि लोकांनी त्यावर टाळ्या दिल्यात. फक्त आधी मूळ चाल, मग एकेकाचं मनानं वाजवणं, मग परत मूळ चाल, ही मांडणी लोकांना माहीत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याआधी मराठीत दोन वाक्यं बोला, "आधी चाल ऐका, मग प्रत्येकजण तिच्यावर आपलं बोलेल, शेवटी चाल परत येईल." एवढ्यानं माणूस धरून बसतो. भजनात गवई एकच ओळ दहा तऱ्हेनं घोळवतो ते त्यांनी ऐकलेलं आहेच.

पहिला कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या ठिकाणी करायचा नाही. पन्नास-साठ माणसं, एखादं कॉलेज, कुणाच्या घराची गच्ची, नाताळात चर्चमध्ये विचारलं तर तेही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये थांबणं नाही. तिकीट लावू नका पण वादकांना पैसे द्या, कमी असले तरी त्याच रात्री, सगळ्यांना सारखे, आणि तालमीचा चहा आणि पेट्रोल तुमच्या खिशातून. आपल्याकडं चांगले ग्रुप सुरांवरून फुटताना मी फारसे बघितले नाहीत, पैशावरून आणि "मला सांगितलंच नाही" यावरून फुटताना भरपूर बघितलेत.

गिटारवाला आणि बेस किंवा युफोनियमवाला नक्की झाले की इथंच लिहा, कोण काय वाजवतं आणि नोटेशन वाचतं का तेवढं सांगा. ट्रंपेटसाठी कागद सूर चढवून लिहावा लागतो आणि युफोनियमवाला कुठल्या पद्धतीनं शिकलाय त्यावर त्याचा कागद ठरतो, त्यात नवीन माणसं गोंधळतात, ते मी तुम्हाला पहिल्या दोन-तीन चालींसाठी मांडून देईन. आणि तो भावाचा भरणा उतरवलात तर तोही टाका, त्यावर कुठले कॉर्ड बसतील ते मिळून बघू.